तंजावरला जायचंय, मराठी खुणा आणि खाणंपिणं दोन्ही बघायचंय, सुरुवात कुठून करू?

पायपीट

नमस्कार मंडळी. जानेवारीत आईबाबा आणि लेकीला घेऊन तंजावरला जायचं चाललंय. बाबांना इतिहासाचं भयंकर वेड आहे, त्यांनी कुठेतरी वाचलं की तिथल्या मोठ्या देवळात भोसल्यांचा आख्खा इतिहास मराठीत भिंतीवर कोरलाय, तेव्हापासून रोज संध्याकाळी तोच विषय. आईचं मत असं की दगडं कितीही बघा पण जेवायला काय मिळणार ते आधी सांगा. ती शाकाहारी, त्यात मधेमधे उपवास. लेक नऊ वर्षांची, तिला चालायचा कंटाळा.

तर विचारायचं असं की मुक्काम तंजावरात करावा की कुंभकोणमला? मराठी शिलालेख नक्की कुठे आहे आणि जवळून बघता येतो का? तंजावरी मराठी पद्धतीचं जेवण मिळेल असं एखादं हॉटेल आहे का? आणि भाषेचं काय, हिंदीवर भागतं का? एक्सेल शीट नकोय, ती मी नेटवरनं भरपूर गोळा केलीय, जाऊन आलेल्यांचं मत हवंय.

कावेरीकाठ

नोकरीनिमित्त त्रिचीला बरीच वर्षं होतो त्यामुळे पाहुणे आले की तंजावर ठरलेलं. आधी पोचायचं सांगतो. विमानाने त्रिची गाठा, तिथून तंजावर साधारण पंचावन्न-साठ किलोमीटर, बस सारख्या आहेत आणि ट्रेनही आहेत. नाहीतर चेन्नईला उतरून एग्मोरवरून रात्रीची उळवन एक्सप्रेस धरा, पहाटे तंजावरात. मुक्काम तंजावरातच करा. कुंभकोणम चाळीस किमी आहे, ते दिवसभरात जाऊन येण्यासारखं आहे पण उलटं करू नका, कारण मोठं देऊळ सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बघायचं असतं आणि त्यासाठी तुम्ही गावात हवेत.

देवळाचं नाव बृहदीश्वर, गावात कुणीही पेरिय कोविल म्हणतात. राजराज चोळाने बांधलं, १०१० च्या सुमारास पुरं झालं, विमान म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर साधारण २१६ फूट. दुपारी साडेबाराच्या आसपास गाभारा बंद होतो तो चारला उघडतो. आणि अनवाणी फिरायचं असतं! फरसबंदी तापली की तुमची लेक रडकुंडीला येईल, आईबाबांचेही हाल, मोजे जवळ ठेवा. उघडल्या उघडल्या सकाळी जा, मग डबल संध्याकाळी पाचला जा, उन्हं तिरपी झाली की दगडाचा रंग बदलतो आणि गावातली माणसं पोरंबाळं घेऊन आवारात नुसती बसायला येतात. गाईड लोक सांगतील शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, ऐकून घ्या आणि सोडून द्या, व्यवस्थित पडते.

शिलालेख आवाराच्या भोवतीने जी लांबच लांब ओवरी आहे ना तिच्यात, नैऋत्येकडच्या भिंतीवर. बोर्ड शोधत बसलात तर चुकेल, रांगेने लिंगं आणि भिंतीवर नायक (मराठ्यांच्या आधीचे तिथले राजे) आणि मराठा काळातली चित्रं दिसतात तिकडे चालत राहा. १८०३ मध्ये तंजावरचे भोसले राजे सरफोजी यांच्या हुकमावरून बाबूराव चिटणिसांनी लिहिलेला भोसले वंशाचा इतिहास, देवनागरीत. अक्षर लहान आणि दाट, जुनी मराठी, पण बाबांना सवय असेल तर शब्द लागत जातात. टॉर्च न्या. आणि खडू, पाणी, पीठ असलं काही लावून वाचायचा प्रयत्न करू नका, मी एकाला करताना बघितलंय.

हिंदीवर फारसं भागत नाही. मोडकं इंग्रजी आणि हातवारे यावर सगळं होतं, माणसं फार चांगली आहेत.

चिंचगूळ

आईंच्या प्रश्नावर मी. तंजावर मराठी हॉटेल असं काही शोधायला जाऊ नका, मला तरी सापडलं नाही. ते जेवण घराघरात आहे आणि बाकीचं केव्हाच तिथल्या सगळ्यांच्या जेवणात मिसळून गेलंय. म्हणजे तुम्ही साध्या मेसमध्ये केळीच्या पानावर बसलात तरी ते थोडंथोडं तुमच्या पानात येतंच. कोसुमल्ली वाढतील, ती मुगाची डाळ भिजवून केलेली कोशिंबीर. कुठे डांगर पचडी असेल, उडदाच्या पिठाची दह्यातली, आईंना घास घेतल्या घेतल्या कळेल. रसवांगी मिळाली तर सोडू नका, वांगं, डाळ, चिंच, वाटलेला मसाला. सणावाराला बोळी करतात ती म्हणजे आपली पुरणपोळीच, फक्त खोबऱ्याचं सारणही घालतात आणि रंग पिवळाधम्मक.

कुंभकोणमला गेलात की कडप्पा मागा. गावाचं नाव नाही हो, इडली-डोशाबरोबरचा पातळ रस्सा, मुगाची डाळ, बटाटा, खोबरं-खसखस-बडीशेपेचं वाटण. सांबारापेक्षा सौम्य आहे, मुलं आवडीने खातात. रोज सगळीकडे नसतो, बऱ्याच ठिकाणी फक्त रविवारी, त्यामुळे सकाळी लवकर जाऊन विचारायचं. त्याच्यावर डिग्री कॉफी, पितळी डबरा आणि टंबलर, घट्ट दूध, चिकोरी. हायवेवर ठिकठिकाणी कुंभकोणम डिग्री कॉफीच्या पाट्या दिसतात त्यांच्या नादाला नाही लागलात तरी चालेल.

गोडात अशोका. तिरुवैयारूची खासियत, मूगडाळीचा तूप सुटेपर्यंत परतलेला लालसर हलवा, गरम गरम पानावर देतात. तूप अंगावर येतं, एकात दोघं खा.

उपवासाचं मात्र कठीण आहे. साबुदाणा, वरई वगैरे कुणाला माहीतच नाही त्या अर्थाने. केळी (किती जातींची!), शहाळं, दही, दूध. खिचडीचं सामान घरून नेलेलं बरं. एरवी शाकाहाराची काही म्हणजे काही चिंता नाही, सैवम (म्हणजे शाकाहारी) लिहिलेलं बघायचं, मग डोळे मिटून आत.

हो आणि जेवताना घाई करू नका. आधी भातावर डाळ-तूप, मग सांबार, मग रसम, मग ताक, प्रत्येक वेळी भात परत येतो. आमच्याकडच्या एका पाहुण्यांनी सांबारालाच पोट भरून घेतलं आणि रसमला नुसतं बघत बसले.

गडकोट_रसिक

सांबार आपलंच आहे हे पण सांगा ना त्यांना! तंजावरात संभाजी महाराज पाहुणे आले होते, मुदपाकखान्यात कोकम संपलं म्हणून आमटीत चिंच घातली आणि सांबार झालं. आख्खा साऊथ आज मराठ्यांची आमटी खातोय 😄 माझ्या मते तंजावर म्हणजे दक्षिणेतला महाराष्ट्रच, प्रत्येक मराठी माणसाने एकदा जायलाच हवं. राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय बघाच, बाकी देवळं सगळीकडे सारखीच.

मोडीचा_नाद

गडकोट, गोष्ट मजेदार आहे पण त्याला त्या काळातला एकही कागद नाही. आणि तमिळ लोक चिंच घालून कुळंबू, म्हणजे त्यांचा आंबट रस्सा, करत होते ते कुणाची वाट बघत थांबले नव्हते. खाण्याचे खरे कागद आहेत ते जास्त भारी आहेत. व्यंकोजीराजे म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, त्यांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाने रघुनाथ पंडित नवहस्त यांनी भोजनकुतूहल नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला, पदार्थ, धान्यं, गुणदोष सगळं त्यात. पुढे सरफोजींच्या काळात मुदपाकखान्यातल्या पाककृती लिहवून घेतल्या, तो सरभेंद्र पाकशास्त्र. सांबाराच्या गोष्टीपेक्षा यावर फॉरवर्ड करा की.

आणि देवळं सारखीच म्हणजे काय राव. त्या एका आवारात चोळांचं विमान, नायकांनी बसवलेला एकसंध दगडाचा नंदी आणि बाजूचं सुब्रह्मण्याचं नाजूक कोरीव देऊळ, सरफोजींच्या काळचं गणपतीचं देऊळ, आणि भिंतीवर मराठी. आठशे वर्षं चालत बघता येतात. वरच्या मजल्यावर भरतनाट्याच्या १०८ करणांपैकी (नाचातल्या ठरलेल्या हालचाली) ८१ कोरलीयत, पुढची जागा मोकळीच राहिली. गाभाऱ्याभोवतीच्या बोळात नायकांच्या रंगाखाली चोळकालीन चित्रं १९३१ मध्ये सापडली, पण ती जागा सगळ्यांना उघडी नसते, तेव्हा बाबांना आधीच सांगून ठेवा.

पायपीट, बाबांसाठी लिहितो, जरा लांबेल. दक्षिणेतला महाराष्ट्र बघायला गेलं तर तंजावर हातातून निसटतं असं माझं स्पष्ट मत आहे. व्यंकोजीराजे तिथे १६७० च्या दशकात आले तेव्हा आधीचे नायक राजे तेलुगू होते, दरबारची भाषा तेलुगू, गाव तमिळ, विद्या संस्कृत. आलेल्या मराठ्यांनी हे काही पुसलं नाही, त्यात स्वतःची एक भाषा वाढवली. (शिवाजी महाराजांशी वाटणीवरून १६७७ मध्ये बिनसलं होतं हेही खरं, सगळंच काही गळाभेटीचं नव्हतं.) व्यंकोजींचा मुलगा शहाजी, त्याने तेलुगूत लिहिलं, मराठीत लिहिलं. १६९० च्या आसपासचं त्याचं लक्ष्मीनारायण कल्याण हे मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या नाटकांपैकी, म्हणजे आपण सांगलीपासून मराठी नाटक मोजतो त्याच्या दीडशे वर्षं आधी. त्याचंच पंचभाषाविलास नावाचं नाटक आहे, त्यात पात्रं पाच भाषांत बोलतात. असलं नाटक कुणाला सुचेल? ज्याच्या दारात रोज पाच भाषा ऐकू येतात त्यालाच.

मग सरफोजी दुसरे, १७९८ ते १८३२. १७९९ च्या तहाने कारभार कंपनीने घेतला, राजाच्या हातात किल्ला आणि तनखा उरला. राज्य गेलं, वेळ उरला, आणि या माणसाने त्या वेळाचं काय केलं तर पोथ्या जमवल्या, छापखाना काढला, १८०६ मध्ये इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या, बालबोध मुक्तावली नावाने. मुंबई-पुण्यात मराठी छपाई धड सुरू व्हायच्या आधी! धन्वंतरी महालात औषधं, डोळ्यांवरचे उपचार, रुग्णांच्या डोळ्यांची चित्रं काढून ठेवलेल्या नोंदी. सरस्वती महाल बघताना हे डोक्यात असेल तर काचेतली चार पानं पण बोलतात, नाहीतर लोक पाच मिनिटांत बाहेर येऊन बघण्यासारखं काही नाही म्हणतात. पर्यटकांसाठी फक्त छोटं संग्रहालय आहे, मूळ पोथ्या आणि मोडी कागदांचे रुमाल (गठ्ठे) संशोधकांना परवानगीने. मोडीचे कागद एवढे आहेत की वाचणारे कमी पडतात.

त्याच सरफोजींचे गुरु श्वार्ट्झ नावाचे जर्मन मिशनरी. शिवगंगा बागेत १७७९ चं चर्च आहे, आत संगमरवरी शिल्प आहे, मरणपंथाला लागलेल्या गुरूचा हात राजाने धरलाय, लंडनच्या जॉन फ्लॅक्समनने घडवलेलं. देवळापासून चालत आहे, तरी मराठी मंडळी तिकडे फिरकत नाहीत. आणि नागोरचा दर्गा, त्याचा सगळ्यात उंच मनोरा, १३१ फुटी, तो तंजावरच्या प्रतापसिंह राजांनी बांधून दिलेला. देऊळ, चर्च, दर्गा, तिन्हीकडे भोसल्यांचा हात लागलाय.

गडकोट_रसिक

बरं बुवा, कागद नाही तर नाही, पण सांबार खाताना मी मनात आमटीच म्हणणार. चर्चचं माहीत नव्हतं, पुढच्या वेळी बघीन.

दक्षिणी_माहेर

मी तंजावर मराठी, आमची पिढ्यान्‌पिढ्या तिकडची, आता चेन्नईत. माझं लिहिण्यातलं मराठी पुण्याच्या सासूबाईंनी सुधारलंय, घरात बोलतो ते ऐकलंत तर तुम्हाला अर्धं कळेल आणि अर्धं तमिळ वाटेल. शाळेत आम्ही मराठी शिकलो नाही, लिपी मी मोठेपणी शिकले. तिकडे जाऊन कुणाशी मराठीत बोलायची हौस असेल तर जरूर बोला पण परीक्षा घेऊ नका प्लीज. आमच्याकडे येणारे लोक आमची मराठी ऐकून आधी हसतात मग व्हिडिओ काढतात.

जेवणाचं चिंचगूळ यांनी बरोबर सांगितलं. आमच्या घरात पिठलं आहे, डांगर आहे, आमटी आहे, आणि शेजारी वत्तल कुळंबूही आहे, त्यात वेगळं काही वाटत नाही. पोळी मात्र रोज नाही, मुख्य भातच, कावेरीच्या खोऱ्यात राहून दुसरं काय होणार.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही, गाणं. आईंना कीर्तनाची आवड असेल तर त्यांना सांगा की तिकडची हरिकथा महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांमुळे घडली, रामचंद्रबुवा मोरगावकर वगैरे, तंजावर कृष्ण भागवतरांनी तिला तमिळ रूप दिलं, त्यामुळे आजही हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग येतात. गाणारे तमिळ, चाल आपली. आणि भरतनाट्यम आज ज्या क्रमाने सादर होतं, अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत, तो क्रम बसवणारे चौघे भाऊ, तंजावर चौकडी, सरफोजींच्याच दरबारात होते.

तुम्ही जानेवारी म्हणालात म्हणून. पौष वद्य पंचमीला तिरुवैयारूला कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची आराधना असते, कावेरीकाठी समाधीपाशी शेकडो गायक-वादक एकत्र बसून पंचरत्न कृती म्हणतात. तिकीट नाही, कुणीही जाऊन बसावं. तारीख पंचांगात बघा, कधी जानेवारी कधी फेब्रुवारी. तंजावरपासून १३ किमी. तिकडेच अशोका पण खाऊन होईल.

पायपीट

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, बाबांना प्रिंट काढून दिलीय, ते चष्मा लावून बसलेत आणि मोडीचा_नाद यांना भेटायचंय म्हणतात. दक्षिणी_माहेर ताई, व्हिडिओचं लक्षात ठेवते, अजिबात काढणार नाही.

दोन शंका राहिल्यात. पोंगलच्या दिवसांत गेलो तर गर्दीत अडकू का? आणि लेकीसाठी काय? तिला शिलालेखात शून्य इंटरेस्ट आहे. शिवाय येताना काही घ्यायचं तर तंजावर पेंटिंग घ्यावं का, की महाग पडतं आणि फसवतात?

कावेरीकाठ

पोंगलला ट्रेन आणि हॉटेलं दोन्ही फुल्ल असतात, बुकिंग उघडल्या उघडल्या करा नाहीतर तो आठवडा सोडून पुढचा घ्या. पण जमत असेल तर माट्टु पोंगलचा दिवस बघा, पोंगलच्या दुसऱ्या दिवशी, मोठ्या देवळातल्या नंदीला भाज्या, फळं, मिठाई यांनी नखशिखांत सजवतात, वांगी-भोपळ्यांच्या माळा. लेकीला तो नंदी आवडणार म्हणजे आवडणार. हवेचं म्हणाल तर जानेवारी बेस्ट, ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पावसाळा, आणि एप्रिल-मेचं नावसुद्धा काढू नका.

राजवाड्यात तिला घंटाघर आणि शस्त्रागाराचा मनोरा आवडेल, दोन्ही बाहेरून तरी बघा, वर सोडतात का ते तिथे विचारा. दरबार हॉलचे रंगीत खांब-कमानी फोटोला छान. कलादालनातल्या चोळ कांस्यमूर्ती मात्र तिच्यासाठी नाही, तुमच्यासाठी, तिथे वेळ ठेवा, भिक्षाटन आणि अर्धनारीश्वर शांतपणे बघा. वाडा स्वतः थोडा पडका, अर्धा सरकारी ऑफिसांनी भरलेला, काही भागात राजघराणं अजून राहतं, तेव्हा म्हैसूरसारखा झगमगाट डोक्यात घेऊन गेलात तर विरस होईल.

तिच्यासाठी खरेदी ठरलेली, तलैयाट्टी बोम्मई, मान आणि कंबर हलवणारी बाहुली, हलकी असते पण ठिसूळ, हातातल्या बॅगेत आणा.

चिंचगूळ

पेंटिंगबद्दल. फसवतात असं सरसकट नको म्हणायला, पण छापील चित्रावर सोनेरी कागद चिकटवलेलेही विकायला असतात. खऱ्यात लाकडी फळीवर कापड, उठावाचं काम, त्यावर सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे. वर्ख सोन्याचा आहे का हे सरळ विचारा, लिहून मागा. बजेट कमी असेल तर लहान आकार घ्या पण खरं घ्या. पूंपुहार हे तमिळनाडू सरकारचं हस्तकलेचं दुकान आहे, तिथे आधी फेरी मारा म्हणजे भावाचा अंदाज येतो. वीणा करणाऱ्यांच्या कामशाळाही बघण्यासारख्या आहेत, फणसाच्या लाकडाचा आख्खा भोपळा कोरताना. लेकीला कदाचित तेच जास्त आवडेल.

मोडीचा_नाद

बाबांना नमस्कार सांगा, व्यनि केलाय. कुंभकोणमच्या दिवशी दारासुरम घ्याच, तिथलं ऐरावतेश्वराचं चोळ देऊळ, कुंभकोणमपासून तीन-चार किमी, मोठ्या देवळापेक्षा लहान पण कोरीव काम त्याहून बारीक, आणि गर्दी नसते. गंगैकोंडचोळपुरमचं चोळ देऊळ त्याच दिवशी बसवायचं असेल तर गाडी करा आणि सकाळी सातला निघा, कारण दुपारी तेही बंद. आईबाबा दमत असतील तर गंगैकोंड सोडा, दारासुरम सोडू नका. नागोर याच ट्रिपमध्ये कोंबू नका, एका बाजूचे ऐंशीच्या वर किलोमीटर आहेत, किनाऱ्याची वेगळी ट्रिप करा, नागोर, वेलांकण्णी आणि तरंगंबाडीचा डॅनिश किल्ला मिळून.

पायपीट

ठरलं मग, पोंगल धरूनच जातो. आईने खिचडीच्या सामानाची यादी सुरू केलीय. एग्मोरहून उळवनचं वेटिंग किती कन्फर्म होतं कुणाला अंदाज आहे का?

कावेरीकाठ

पोंगलला? वेटिंगच्या भरवशावर राहूच नका. सरळ त्रिचीचं विमान बघा, किंवा चेन्नईहून दिवसाची चोळन एक्सप्रेस.